रकमेची बाबत कोणी लिहावी?

बँकेच्या खातेउताऱ्यात तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक असे जे पाच मुख्य रकाने असतात, त्यांपैकी चार रकान्यांत केवळ अंक असल्यामुळे त्यांच्या अर्थाविषयी दोन सुज्ञ माणसांत मतभेद होण्याचे कारण नसते. वाद उद्भवतो तो एकट्या तपशिलाच्या रकान्याविषयी. या रकान्यात रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांची, तिरप्या रेषांनी तोडलेली, बारा आकडी संदर्भ क्रमांकाने जड झालेली आणि पुष्कळदा जागा संपली म्हणून शब्दाच्या मध्यावरच छाटलेली अशी एक ओळ असते, आणि तेवढ्या ओळीवरून ती रक्कम किराणा मालाची की औषधपाण्याची, भाड्याची की हातउसन्या पैशाच्या परतफेडीची, हे ठरवावयाचे असते. पूर्वी हे काम हिशेबनीस करीत असे. आता ते संगणकाकडे गेले आहे. आणि अंधेरीतल्या मोठ्या कचेऱ्यांत काय किंवा बोरिवलीतील एखाद्या लेखापालाच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात काय, मार्च महिना उलटला की अशा हजारो ओळींची वर्गवारी एका तक्त्याच्या आधारे काही क्षणांत उरकली जाते.

या तक्त्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. तक्त्याला दोन स्तंभ असतात. पहिल्यात एखादा अक्षरसमूह किंवा अक्षरांचा आकृतिबंध लिहिलेला असतो, आणि दुसऱ्यात, तो आकृतिबंध ज्या ओळीत आढळेल ती रक्कम कोणत्या खाती टाकावी, त्या खात्याचे नाव. यंत्र प्रत्येक ओळ घेऊन तक्ता वरून खाली वाचीत जाते आणि बहुधा जो नियम प्रथम लागू पडेल तोच अंतिम मानते, म्हणून नियमांच्या मजकुराइतकाच त्यांचा क्रमही निर्णायक ठरतो. स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली रँड संस्थेसाठी लिहिलेल्या टिपणात, मज्जापेशींच्या कृत्रिम जाळ्यांना कोणत्या प्रकारच्या घटना ओळखता येतील, या प्रश्नाचा विचार करताना आकृतिबंधांचे एक बीजगणित मांडले; केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तेच मजकूर शोधण्याच्या कामी लावले, आणि आज आपल्या हिशेबाच्या तक्त्यांत त्याचेच वंशज नांदत आहेत. हे शास्त्र निर्दोष आहे. दिलेली अक्षरमाला दिलेल्या आकृतिबंधात बसते की नाही, या प्रश्नाचे उत्तर ते चुकत नाही. परंतु त्याला दुसरा कोणताच प्रश्न विचारता येत नाही, आणि आपण मात्र त्याच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर घेऊ पाहतो.

याची ढोबळ उदाहरणे हे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. रोख काढलेल्या रकमा निवडण्यासाठी ए-टी-एम ही तीन अक्षरे नियमात घातली, तर आत्माराम नावाच्या प्रत्येक गृहस्थाला दिलेले पैसे रोख उचल ठरतात, कारण रोमन लिपीत त्याच्या नावाचा आरंभ त्याच तीन अक्षरांनी होतो. कर्जाच्या हप्त्यांसाठी ई-एम-आय शोधावे, तर ‘केमिस्ट’ आणि ‘प्रीमियम’ या दोन्ही शब्दांच्या पोटात ती अक्षरे दडलेली असल्याने औषधांचे बिल आणि विम्याचा हप्ता हे दोन्ही कर्जखाती जाऊन पडतात. टॅक्सीला दिलेले पैसे करखाती जमतात. ‘करंट’ या शब्दाच्या शेवटी भाड्याचा इंग्रजी शब्द असल्यामुळे चालू खात्याचा उल्लेख आला की भाडे दिल्याची नोंद होते. आणि ओला कंपनीच्या गाडीसाठी लिहिलेला नियम कुलाब्याच्या रोमन नावाला आणि भोलानाथाच्या दुकानालाही प्रवासखर्चात ओढतो. संपूर्ण शब्द जुळला तरच नियम लागू करावा, अशी तरतूद करून यांतील बऱ्याच चुका टाळता येतात, आणि जेथे बँकेनेच शब्द एकमेकांना चिकटवून किंवा अर्ध्यावर तोडून छापले असतील तेथे त्या टळत नाहीत. या चुका दिसणाऱ्या असतात, आणि दिसणारी चूक आज ना उद्या कोणीतरी दुरुस्त करतो, म्हणून त्यांवर अधिक शब्द खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

किंचित अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, वस्तू तीच राहून तिचे नाव बदलते. पश्चिम उपनगरातील एखाद्या कुटुंबाने आपल्या पंचवीस वर्षांच्या विजेच्या खर्चाचा हिशेब मांडावयाचे ठरविले, तर घर तेच आणि मीटरही बहुधा त्याच भिंतीवर असताना, १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या कंपनीची आद्याक्षरे, नंतर रिलायन्सची एकाहून अधिक नावे आणि २०१८ पासून अदानी, असे निरनिराळे आकृतिबंध त्याला शोधावे लागतील. आणि त्याच कुटुंबाचा भाऊबंद मुलुंडला राहत असेल तर त्याच्या उताऱ्यात २००५ पूर्वी राज्य वीज मंडळ आणि नंतर महावितरण. ही सर्व नावे एकाच खाती टाकावयाची, हे ज्ञान उताऱ्यातल्या कोणत्याही ओळीत नाही. ते त्या भागात राहणाऱ्या माणसाजवळ आहे, आणि त्याने ते तक्त्यात लिहिले तरच यंत्राला मिळते.

येथपर्यंतच्या अडचणी कष्टाने आणि स्थानिक माहितीने दूर होण्यासारख्या आहेत, हे मी मान्य करतो. माझा मूळ आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो यंत्रावर नसून त्याला वाचावयास दिलेल्या मजकुरावर आहे. बँकेचा तपशील पैशाची वाट सांगतो. कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून, कोणत्या मार्गाने, कोणत्या क्रमांकाखाली रक्कम आली किंवा गेली, हे सर्व त्यात अचूक असते, कारण बँकेला आपसांतील हिशेबाची रुजवात घालण्यासाठी तेवढेच पाहिजे असते. ती कशाबद्दल आली, हे सांगण्याची जबाबदारी त्या रकान्यावर कोणीही टाकलेली नाही. यूपीआयने पैसे पाठवताना शेरा लिहिण्यास एक जागा असते. ती ऐच्छिक असल्याने बहुतेक जण रिकामी सोडतात. मग जे मुळात लिहिलेच गेले नाही, ते वाचून काढण्यासाठी आपण उत्तरोत्तर अधिक चतुर वाचक निर्माण करीत बसतो. पाटीवर अक्षरच उमटलेले नसेल तर चष्म्याचा नंबर बदलून काही उपयोग होत नाही, ही साधी गोष्ट या उद्योगात सर्रास विसरली जाते.

आपल्याकडील जुनी दफ्तरपद्धती या बाबतीत फार शिस्तीची होती. रोजकीर्दीत रक्कम लिहिली म्हणजे ती कोणाच्या नावे किंवा कोणाकडून जमा, कशाबाबत, कोणाच्या गुजारतीने आणि कोणत्या हुकुमान्वये, हेही तिच्याबरोबर लिहावयाचे असे. आणि कीर्दीवरून खतावणी करणाऱ्या कारकुनाला अनुमान करावे लागत नसे, कारण ज्याच्या समक्ष पैसे दिले-घेतले गेले त्यानेच त्याची बाबत टिपून ठेवलेली असे. पेशव्यांच्या रोजनिश्यांवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली निबंध लिहिला आणि त्या रुक्ष नोंदींवरून मराठी राज्याचा कारभार, करपद्धती, न्याय आणि समाजस्थिती यांचे चित्र उभे केले. त्यांना ते साधले याचे एक कारण त्यांची प्रज्ञा हे खरेच. पण दुसरे कारण असे की, शतकापूर्वीच्या अनामिक कारकुनांनी दानधर्म, इनाम, नुकसानभरपाई किंवा दंड हे शब्द रकमेशेजारी लिहून ठेवले होते. आजचे आपले बँकेचे उतारे शंभर वर्षांनी कोणा अभ्यासकाच्या हाती लागले, तर त्याला कोणत्या दिवशी कोणत्या क्रमांकाने किती पैसे हलले हे पैशापैशापर्यंत कळेल, आणि समाज कशावर खर्च करीत होता याविषयी मात्र पुष्कळ अंदाज करावे लागतील.

ही उणीव किती जवळची आहे, हे गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराला विचारावे. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची परंपरा गावदेवीच्या सारस्वत संस्थेपासून, म्हणजे १९१५ पासून, चालत आलेली आहे, आणि उपनगरांतील मध्यमवर्गाचे नागरिक जीवन फार मोठ्या प्रमाणावर याच संस्थांत घडले आहे. खजिनदार बहुधा बिनपगारी असतो. कोणी निवृत्त कारकून, कोणी शिक्षिका. महिनाअखेरीस त्याच्यापुढे उतारा येतो आणि त्यात शाह नावाच्या व्यक्तीने पैसे भरल्याची नोंद असते. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या इमारतीत शाह नावाची सात बिऱ्हाडे असू शकतात. एका सदनिकेचे पैसे परदेशी असलेल्या मुलाच्या खात्यातून येतात, दुसरीचे भाडेकरू परस्पर भरतो, तिसरीचे सभासदाच्या दुकानाच्या नावाने येतात, आणि चौथीतील बाईंचे बँकेतील नाव माहेरचे तर सभासद-नोंदवहीतील नाव सासरचे असते. नावाचा आकृतिबंध कितीही सैल केला तरी ही गाठ सुटत नाही. उलट तो जितका सैल करावा तितका एकाचा भरणा दुसऱ्याच्या खाती जाण्याचा संभव वाढतो. आणि परिणाम क्षुल्लक नसतो. थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार सालीना २१ टक्क्यांपर्यंत व्याज आकारता येते, थकबाकीदार सभासद समितीच्या निवडणुकीस अपात्र ठरतो, आणि प्रकरण वाढले तर उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखलाही निघू शकतो. ज्या वृद्ध सभासदाने वेळेवर पैसे भरले आणि तरीही सूचनाफलकावर आपले नाव थकबाकीदारांच्या यादीत वाचले, त्याला झालेली मनस्तापाची जखम पुढच्या महिन्याच्या दुरुस्तीनोंदीने भरून येत नाही. असे घडलेले मी पाहिले आहे, आणि म्हणूनच हा विषय मला केवळ तंत्राचा वाटत नाही.

सदनिका ओळखली तरी काम संपत नाही. एकाच सभासदाकडून सेवाशुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, सदनिका भाड्याने दिलेली असल्यास बिनभोगवटा शुल्क, मागील व्याज, असे अनेक प्रकारचे येणे असते. आणि आलेली रक्कम एकूण येण्याहून कमी असली, तर ती कशाकशापोटी जमा धरावी, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याची ५९, ६० आणि ६१ ही तीन कलमे त्यासाठीच आहेत. अनेक ऋणे असलेल्या ऋणकोने अमुक ऋणापोटी म्हणून रक्कम दिली, किंवा परिस्थितीवरून तसा त्याचा हेतू स्पष्ट होत असला, तर ती स्वीकारणाऱ्याने त्याच ऋणापोटी जमा केली पाहिजे. त्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही काही कळत नसेल, तर धनकोला आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर ऋणापोटी ती धरता येते. आणि दोघांनीही काही ठरविले नसेल, तर जे ऋण आधीचे ते आधी फिटते. या तीन पायऱ्यांत केवढे शहाणपण साठवलेले आहे! रकमेचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार देणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा, आणि दोघेही मूक राहिले तर कालक्रमाचा. तिऱ्हाइताला येथे जागाच नाही.

हा कायदा ऋणांच्या विनियोगापुरता आहे, आणि घरखर्चाच्या वर्गवारीला तो शब्दशः लागू होत नाही, हे मी जाणतो. परंतु त्यातील तत्त्व व्यापक आहे, आणि आज नेमके तेच ओलांडले जात आहे. तिऱ्हाईत आपल्या रकमांना अर्थ देऊ लागला आहे, आणि त्या अर्थावरून आपल्याविषयी निर्णय घेऊ लागला आहे. जिचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये केले आणि जी २०२१ च्या सप्टेंबरपासून प्रत्यक्ष चालू झाली, त्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेमुळे खातेदाराच्या संमतीने त्याचा उतारा सावकारी संस्थेकडे क्षणात पोचतो, आणि तेथील यंत्र त्यातून त्याचे उत्पन्न, खर्च आणि ऋणभार काढते. ही सोय आहे, आणि तारण नसलेल्या माणसाला तिच्यामुळे कर्ज मिळू शकते, हे श्रेय तिला दिले पाहिजे. पण बोरिवलीत घरगुती पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बाईंचा उतारा मनात आणावा. तीस घरांतून येणाऱ्या रकमा, शेरा कोठेच नाही. ते उत्पन्न आहे की उसनवारी, हे ओळींवरून कळण्यास मार्ग नाही. त्या भिशीत असतील, तर बारा जणींनी दरमहा ५००० रुपये घालून एकीला ६०००० रुपये मिळण्याचा क्रम येतो, आणि यंत्राला वर्षातून अकरा महिने खर्च आणि एका महिन्यात अकस्मात उत्पन्न दिसते. वस्तुतः त्यात उत्पन्नही नाही आणि खर्चही नाही. गणेशोत्सवाची वर्गणी सोसायटीतल्या एखाद्या उत्साही तरुणाने आपल्याच खात्यात गोळा केली, तर भाद्रपदात त्याची मिळकत वाढलेली दिसते.

कर्नाटकात २०२५ च्या जुलै महिन्यात जे घडले ते याच जातीचे होते. यूपीआयने जमा झालेल्या रकमांची बेरीज वस्तू व सेवा कराच्या मर्यादेपलीकडे गेली, या आधारावर तेथील वाणिज्य कर विभागाने अनेक लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, आणि बंगळुरूच्या चहाच्या व भाजीच्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकू लागल्या. करवसुली हा शासनाचा अधिकार आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु जमेच्या बाजूची बेरीज म्हणजे विक्री नव्हे. तीत घरच्यांनी पाठवलेले पैसे, उसने आलेले पैसे आणि करमुक्त मालाची किंमतही असते. आधी लेबल लावून मग खुलासा मागण्याच्या या क्रमामुळे, ज्या व्यवहारांची नोंद राहावी असे आपण म्हणतो तेच व्यवहार पुन्हा नोंदीबाहेर जातात.

केवळ रूपावरून वर्गवारी करण्यात दुसरा धोका आहे, आणि पूर्व उपनगरांनी तो फार महाग किंमत देऊन अनुभवला आहे. भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि आरंभी खातेदाराला केवळ १००० रुपये काढण्याची मुभा राहिली. मुलुंड-भांडुपच्या निवृत्तांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी अडकल्या; २०२२ च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन होईपर्यंत हा जीवघेणा काळ चालला. पोलिसांकडे नोंदविलेल्या तक्रारीनुसार, एका बांधकाम उद्योगसमूहाची बुडीत कर्जे झाकण्यासाठी त्या समूहाची ४४ खाती दप्तरातून लपवून त्यांच्या जागी २१,०४९ काल्पनिक कर्जखाती दाखविण्यात आली होती. बाहेरून पाहणाऱ्याला लहान लहान कर्जांची एक लांबलचक, नीटनेटकी यादी दिसत होती. हा गुन्हा माणसांचा होता, यंत्राचा नव्हता, म्हणून दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. मला त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, तपासणी जर रूपाची होणार असेल, तर ते रूप धारण करणे ज्याला ती पद्धत माहीत आहे त्याला कठीण नसते; आणि ज्याला माहीत नाही तो डबेवाल्या बाईंसारखा प्रामाणिक माणूस मात्र त्याच तपासणीत अडकतो.

यावर असे म्हटले जाईल की, देशात यूपीआयचे व्यवहार २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २००० कोटींच्या पुढे गेले. इतक्या नोंदी माणसाने वाचाव्यात असे म्हणणे म्हणजे रेल्वे बंद करून बैलगाड्या जुंपण्यासारखे आहे. असेही म्हटले जाईल की, आता यंत्रे नुसत्या तक्त्यांवर विसंबत नाहीत. लक्षावधी वर्गीकृत नोंदींवरून ती आपणच शिकतात आणि संदर्भाने अर्थ लावतात. पहिला मुद्दा मला मान्य आहे. प्राथमिक विभागणी यंत्रानेच करावी. वीज, पाणी, विमा, रेल्वेचा पास अशा ठरावीक नोंदींवर माणसाने डोळे शिणवू नयेत. दुसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच सांगावयाचे की, लक्षावधी इतरांच्या नोंदींवरून शिकलेले यंत्र इतर लोक अशा ओळीने बहुधा काय दर्शवितात ते सांगते, आणि ‘बहुधा’ हा शब्द बेरजांच्या तक्त्यात पोचेपर्यंत गळून पडतो. शिवाय जुन्या तक्त्यातला नियम चुकला तर तो बोट ठेवून दाखवता येतो. शिकलेल्या यंत्राने केमिस्टला हप्ता का म्हटले, याचा खुलासा त्याच्या मालकालाही पुष्कळदा देता येत नाही. जेथे कोणाचे कर्ज, कोणाचा कर किंवा कोणाची पत ठरावयाची आहे तेथे मी साधा, वाचता येणारा, चुकला तर सापडणारा तक्ताच अधिक विश्वासाचा मानतो.

आणि त्या तक्त्याच्या शेवटी एक ओळ असली पाहिजे, जिचा हल्ली सर्वांना संकोच वाटतो: जे कोठेच बसले नाही ते अनिर्णीत. हिशेबनीस तिला सस्पेन्स खाते म्हणतात, आणि लेखापरीक्षण जवळ आले की ते कसेही करून शून्यावर आणण्याची धडपड सुरू होते. ती रक्कम ‘किरकोळ’ किंवा ‘इतर’ या खाती लोटली जाते आणि ताळेबंद स्वच्छ दिसू लागतो. ही स्वच्छता खोटी आहे. अनिर्णीत रक्कम मोठी असणे हे कारभाराच्या ढिलाईचे लक्षण असेल, पण ती लपवून शून्य करणे हे अप्रामाणिकपणाचे लक्षण आहे, आणि या दोहोंत पहिला दोष निश्चित सौम्य आहे.

निदान आपल्या गृहनिर्माण संस्थांना यात आजपासून सुधारणा करता येईल. काही बँका प्रत्येक सदनिकेसाठी निराळा आभासी खातेक्रमांक देतात, त्यामुळे पैसे कोणाचे हा प्रश्न नावाच्या आकृतिबंधाशिवाय सुटतो. ती सोय घ्यावी. कशाबद्दल, हा प्रश्न मात्र सभासदालाच विचारावा लागेल, म्हणून मासिक बिलावर प्रत्येक शीर्षकाला एक लहान संकेत छापून तो शेऱ्यात लिहिण्याची विनंती करावी, आणि ज्यांना भ्रमणध्वनीवर लिहिणे जमत नाही अशा वृद्धांसाठी कार्यालयात एक वही ठेवावी. पावतीवर रक्कम कोणकोणत्या शीर्षकाखाली धरली ते स्पष्ट लिहावे आणि आक्षेपासाठी एक महिन्याची मुदत द्यावी. त्या मुदतीत व्याज आकारू नये, आणि कोणाचेही नाव फलकावर लावू नये. अनिर्णीत रकमांची यादी, सदनिका किंवा नाव न देता केवळ तारीख, रक्कम आणि बँकेचा संदर्भ क्रमांक अशा स्वरूपात, वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, म्हणजे ज्याची रक्कम असेल तो ती ओळखील. आणि सभासदाने आक्षेप घेतला तर खजिनदाराने उताऱ्यातील ओळ, तिला लागू पडलेला नियम आणि तो नियम कोणी केव्हा लिहिला याची नोंद, ही तिन्ही त्याच्यापुढे ठेवून त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.